बाबांचा सुधारित अहवाल

अदलिया, बहरीन
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

दादा, जयभीम.

आठ वर्षांनी पत्र आलं म्हणजे नीलमचं काहीतरी काम अडलं असणार, असं तुला वाटेल. काम काही नाही. आज शुक्रवार, इथली सुट्टी. सकाळपासून मी फक्त एक शब्द बोलले, तोही खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याशी. "अंडी." इथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्याने अंडी दिली, मी जिना चढून आले आणि दार लावलं. मग वाटलं, कोणाशी तरी बोलावं. यादी करायला बसले तर तुझंच नाव वर आलं. माझी यादी किती छोटी आहे ते यावरून ओळख.

मुंबईची नोकरी सोडून मी सप्टेंबरात इथे आले. वर्षभराची फेलोशिप आहे, किडनी पॅथॉलॉजीची. एम.डी. झाले तेव्हा तू विचारलं होतंस, "आता तरी संपलं का गं शिक्षण?" नाही संपलं. अडतिसाव्या वर्षी पुन्हा वही-पेन घेऊन पहिल्या बाकावर बसलेय. माझ्याबरोबरचा सुदानी डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे आणि मला "मॅडम" म्हणून दार उघडून धरतो. म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

काम काय, ते सांगते. पेशंटच्या पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढतात, शेवईच्या काडीएवढा. तो मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. त्या तुकड्यात दहा-पंधरा सापडल्या तरी नशीब. तेवढ्यांवरून बाकीच्या लाखोंचं काय झालंय ते सांगायचं.

आमच्या मुख्य डॉक्टर हलिमा इथल्याच, मुहर्रकच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रोगांची नावं तुम्हाला येतात. 'मला माहीत नाही' हे लिहायला शिकवण्यासाठी मी वर्षभर तुमच्या मागे लागणार आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आई दाजीकाकांकडेच आहे. महाड ते बिरवाडी एसटीने अर्धा तास नाही, आणि आठ वर्षांत आईने तुझ्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. तो तुमचा प्रश्न आहे. बाबांच्या आजाराबद्दल मी काही लिहिणार नाही. बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी पंगतीत मी जे बोलले ते माझ्या शास्त्राला धरून बोलले. तू भरल्या ताटावरून उठून गेलास, ते मात्र बरं केलं नाहीस.

उत्तर पोस्ट बॉक्सवर पाठव. इथे पोस्टमन घरोघरी येत नाहीत. बाबांना हे ऐकून किती वाईट वाटलं असतं.

नीलम


अदलिया
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

दादा,

पत्र परत आलं. पाकिटावर "घेण्यास नकार" आणि खाली जयप्रकाशची सही. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांची बिरवाडीची टपाल वाटायची बीट त्यालाच मिळाली, नाही का? अक्षर अजून तसंच, माश्या मारल्यासारखं. बाबा त्याला म्हणायचे, "अरे, पत्ता नवस न करता वाचता आला पाहिजे." मला आधी हसू आलं. मग आलं ते हसू नव्हतं.

पोस्टमनचा मुलगा तू. फोडलं की घेतलं, हा नियम तुला पाठ. तू फोडलंही नाहीस. हेही फोडणार नाहीस. तरी लिहितेय, कारण लिहिताना निदान मराठी तरी कानात वाजतं.

आमच्या विभागात एक रीत आहे. प्रत्येक फेलोने आपली एक जुनी केस आणायची, जी आपल्याला अजून खुपते. ती सगळ्यांसमोर पुन्हा बघायची. मी मुंबईची एक बाई दिली. अवघड निदान होतं, मी बरोबर केलं होतं, बाई आता नातवंडं खेळवतेय. हलिमाबाईंनी स्लाईड पाहिली आणि परत माझ्यापुढे सरकवली. "ही तुझी आवडती केस आहे," त्या म्हणाल्या. "मी खुपणारी मागितली होती."

मी म्हटलं, दुसरी नाही.

खोटं बोलले. माझ्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी बाबांच्या चष्म्याचं घर आहे. तेच, तपकिरी, बटण तुटलेलं. आत चष्मा नाही. मेणाचा एक ठोकळा आहे, काडेपेटीहून लहान, त्यावर ४१२/८८ असा नंबर. आमच्यात त्याला ब्लॉक म्हणतात. बाबांच्या किडनीतून काढलेल्या तुकड्यातला उरलेला भाग त्यात आहे. नोकरी सोडताना मी तो कपाटातून उचलला. सरळ भाषेत, चोरला. इथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने घर उघडून विचारलं, हे काय? मी म्हटलं, मेण. त्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि "यल्ला, यल्ला" म्हणून मला पुढे हाकललं.

कशाला आणला, ते विचारू नकोस. हे घर आणि तो ठोकळा सोडला तर बाबांचं माझ्याकडे दुसरं काही नाही.

नीलम


अदलिया
शुक्रवार, १७ जानेवारी १९९७

दादा,

दुसरंही परत आलं. आता तू नाकारायचं, मी लिहायचं, असं ठरलंच म्हणायचं.

रमजान चालू आहे. विभाग दोनला बंद होतो, रस्ते ओस पडतात आणि सूर्य मावळला की एकदम गजबजतात. घराघरांतून वास येतात. मी खिडकीत उभी राहून दुसऱ्यांच्या जेवणाचे वास घेते आणि मग खिचडी लावते. खिचडी एका माणसाची करताच येत नाही, दोन दिवस तीच खाते. एकटेपणा म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, दुसऱ्या दिवशीची खिचडी.

दिवसभरात मी मराठी बोलते ती फक्त नुमानशी. काप काढणारा टेक्निशियन, म्हसळ्याचा. हात असा की मेणावरून पाती फिरते आणि लोणी निघावं तसा काप निघतो. परवा मी चष्म्याचं घर त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "जुना ब्लॉक आहे, शिकायला आणलाय. एकच स्लाईड कर."

त्याने तो उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"मॅडम, हा कुनी कापलाय?"

"का?"

"वरचा पापुद्रा काढलाय नुसता. तुकडा सगला खालीच हाय अजून. किडनीचा ब्लॉक असा कापतात काय कुठं? तलापर्यंत जायला होवं."

मी म्हटलं, "असेल कोणी घाईत."

"घाईत हुता तर दुसऱ्याला द्यायचा," नुमान म्हणाला आणि उपाशी पोटी, कोरड्या घशाने कापायला बसला. एक स्लाईड सांगितली होती, त्याने चोवीस केल्या. तळापर्यंत गेला. हातावर ठेवत म्हणाला, "खलास. आता ह्यात काय ऱ्हायला नाय."

मी त्या बघितल्या. काल दुपारी, सगळे गेल्यावर. हलिमाबाईंना दाखवलेल्या नाहीत.

आज एवढंच लिहिते.

नीलम


अदलिया
शुक्रवार, २४ जानेवारी १९९७

दादा,

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

अठ्ठ्याऐंशी साली, मार्चअखेर, बाबांना मुंबईला आणलं आणि त्यांचा तुकडा आमच्या विभागात आला. आपल्या माणसाची स्लाईड आपण बघायची नाही, असा आमच्यात अलिखित नियम आहे. साहेब रजेवर होते. मी हट्टाने बघितली. वरवरचे तीन काप काढायला लावले. त्यांत तीन गाळण्या दिसल्या. तिन्ही जुन्या, चट्टे पडून मेलेल्या. मी अहवाल लिहिला: आजार फार जुना, बहुधा बाहेरच्या विषारी औषधाने झालेला, आता इलाज नाही. तू पोलादपूरच्या वैदूकडून बाबांच्या गुडघ्यांसाठी पुड्या आणल्या होत्यास. माझ्या अहवालाला कारण तयारच होतं.

नुमानने काढलेल्या खालच्या थरांत अकरा गाळण्या आहेत. त्यांतल्या सातांत ताज्या चंद्रकोरी आहेत. गाळणीच्या आत पेशींची दाटी होते, तिचा आकार चंद्राच्या कोरीसारखा दिसतो म्हणून ते नाव. हा आजार काही आठवड्यांत होतो. शरीरच आपल्या किडनीवर उठतं. सोमवारी मी सगळ्या स्लाईड हलिमाबाईंपुढे ठेवल्या. त्यांनी तासभर बघितल्या. मी विचारलं, एखाद्या पुडीने हे होऊ शकतं? त्या म्हणाल्या, नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "हा पेशंट तुझा कोण?"

मी सांगितलं.

दादा, या आजाराला औषध आहे. तेव्हाही होतं. आमच्याच हॉस्पिटलात, दोन मजले खाली. मी नीट कापायला लावलं असतं, किंवा नुसतं लिहिलं असतं की नमुना अपुरा आहे, सांगता येत नाही, तर डॉक्टरांनी पुन्हा सुई घातली असती आणि खरं कळलं असतं. बाबा वाचले असते का? हलिमाबाई म्हणाल्या, "कदाचित. याहून जास्त कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस." कदाचित. हा शब्द घेऊन मी चार दिवस फिरतेय.

अजून एक आहे. ते हलिमाबाईंनाही सांगितलेलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला बाबांनी पोस्टातून मला फोन केला होता. "नीलू, पाय सुजतात गं. लघवीला फेस येतो." मी पेपर तपासत होते. म्हटलं, "मीठ कमी करा, परीक्षा संपल्या की येते." तीन आठवडे मी गेले नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळतं की सूज आणि फेस म्हणजे किडनी. मला कळलं नाही असं नाही, मी लक्षच दिलं नाही. मग मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हा मला काय दिसायला हवं होतं, सांग? आजार फार जुना आहे, हेच. तीन आठवड्यांनी काही फरक पडला नाही, हेच. दोष दुसऱ्या कोणाचा आहे, हेच. तेच दिसलं.

आणि पुण्यानुमोदनाला, विहारात सगळी वस्ती जेवायला बसलेली असताना, आईने रडत विचारलं, "असं अचानक कसं गं झालं?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अचानक नाही. दादाच्या पुड्यांनी बाबांच्या किडन्या खाल्ल्या. माझ्याकडे अहवाल आहे." दाजीकाका म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." तू उठून गेलास. करणार काय? माझ्याकडे अहवाल होता.

आमच्या कामात चूक सापडली की जुना अहवाल फाडत नाहीत. त्याच नंबराखाली नवा लिहितात. आधी काय लिहिलं होतं, त्यात काय चुकलं, आता काय दिसतं, आणि खाली सही. मग पहिला अहवाल ज्याच्या ज्याच्याकडे गेला, त्या प्रत्येकाकडे दुसरा पोचवतात. ही शेवटची अट हलिमाबाई फार कडक पाळतात. काल त्यांनी मला बसवून ४१२/८८चा सुधारित अहवाल लिहून घेतला. नंतर विचारलं, "पहिला कोणाकडे गेला होता?"

मी मनातल्या मनात पंगत मोजत बसले. दीडशे तरी पानं होती.

तुझी पहिली प्रत सोबत आहे.

नीलम


(पोस्टकार्ड. पुढच्या बाजूला शिडाच्या होडीचं रंगीत चित्र.)
३ मार्च १९९७

दादा, चारही पत्रं परत आली. अहवालही त्यातच परत आला. बाबा म्हणायचे, पाकीट नाकारता येतं, कार्ड नाकारेपर्यंत वाचून झालेलं असतं. म्हणून कार्ड. जयप्रकाश, तू हे आधी वाचशील. वाच.

रामजी पोस्टमन यांच्या आजाराचा १९८८चा माझा अहवाल चुकीचा होता. त्यांची किडनी सुजीतच्या पुड्यांनी गेली नाही. आजार वेगळा होता, त्याला औषध होतं. तो मी ओळखला नाही. चूक माझी. सुजीतचा काही दोष नव्हता.

डॉ. नीलम, पॅथॉलॉजिस्ट


अदलिया
गुरुवार, २४ एप्रिल १९९७

दादा,

तुझं पत्र आलं. पोस्ट बॉक्समध्ये हात घातला तेव्हा वाटलं, माझंच एखादं परत आलं असेल. तुझं अक्षर पाहून तिथेच उन्हात उभी राहिले. मागे गाडीवाला हॉर्न देत होता. देऊ दे म्हटलं.

सहा ओळी. मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवते. मी त्या नीट वाचल्या, हे तुला कळावं म्हणून.

"कार्ड पोचलं. जयप्रकाशने वाचलं, मग मी. एकवीस पुड्या होत्या. दहाव्या पुडीला थांबलो असतो तर, असं आठ वर्षं वाटायचं, आता काय वाटायचं ते कळत नाही. जयप्रकाशला सांगितलंय, गप्प राहा. तूही आईला सांगू नकोस, तिला सगळी वस्ती डॉक्टरणीची आई म्हणते. झाकली मूठ सव्वा लाखाची, मला सवय झालीय."

दादा, तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी इथे बसून त्या खाल्ल्या असत्या आणि बरं वाटलं असतं. "मला सवय झालीय" याचं मी काय करू?

तुझं ऐकणार नाही. रागावू नकोस. मूठ तुझी नाही, माझी आहे, आणि ती झाकून धरायला मी तुझा हात आठ वर्षं वापरला. आईला डॉक्टरणीची आई म्हणतात, हे खरं. तिला सुजीतची आई कोणी म्हणत नाही, हेही खरंच. आणि आमच्या कामाची अट तुला सांगितली होती. म्हणजे सांगितली होती त्या पत्रात, जे तू घेतलं नाहीस. पहिला अहवाल ज्यांच्याकडे गेला त्या प्रत्येकाकडे दुसरा गेला पाहिजे. एकट्या तुझ्याकडे पाठवून मी सुटत नाही.

दोन मेला बाबांचा स्मृतिदिन आहे. दाजीकाका दरवर्षी विहारात वंदना ठेवतात, नंतर जेवण. तू त्यानंतर एकदाही गेला नाहीस, मीही या ना त्या कारणाने गेले नाही. या वर्षी जातेय. पाच दिवसांची रजा मिळाली आहे. हलिमाबाईंकडे अर्ज घेऊन गेले तर त्यांनी कारण विचारलं नाही. सुधारित अहवालाच्या कागदावर एक ओळ असते, "कोणाला कळवले". ती माझ्या कागदावर रिकामी होती. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि सही केली.

नुमानला सांगितलं, जातेय. मग तो ब्लॉक कोणाचा ते सांगितलं. त्याने हातातली पाती खाली ठेवली. "मॅडम, मी कायबाय बोललो हुतो," म्हणाला. मी म्हटलं, बरोबर बोलला होतास. संध्याकाळी घरी डबा पाठवला त्याच्या बायकोने, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण. आपल्या आईच्या हाताची चव. सात महिन्यांनी मी दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं.

वंदना झाल्यावर, पानं वाढण्याआधी मी उभी राहणार आहे. जिथे उभी राहिले होते तिथेच. अहवाल मराठीत लिहिलाय, साध्या भाषेत, दाजीकाकांनाही कळेल असा. फोनचंही लिहिलंय. मीठ कमी करा, तेही. ते अहवालात बसत नाही, हलिमाबाईंनी खोडलं असतं. मी ठेवलंय.

ऐकल्यावर आई काय करेल? वस्ती काय म्हणेल? मला माहीत नाही. बघ, वर्षभर जे शिकायला आले ते आलं मला लिहिता.

हे पत्र तुला तीस तारखेपर्यंत मिळेल. आधीची चार मी बरोबर आणतेय, न फोडलेली. हवी असली तर घे, नको असली तर जयप्रकाशला सांगून रीतसर नकार दे.

तू यावंस असं मला वाटतं. तुझ्याकडून माफी मिळवायला नव्हे, ती मागण्याइतकंही माझं तोंड नाही. एकाच गोष्टीसाठी ये. त्या दिवशी तू दाराजवळच्या पानावर बसला होतास. भातावर वरण वाढलेलं होतं, घास हातात होता. तो पानात परत ठेवून तू उठलास. दीडशे माणसांत तुझ्यामागे एकही उठलं नाही. आई नाही, मी नाही. नंतर ते पान कोणी उचललं ते मला आठवतं. मीच उचललं, आणि बाहेर कुत्र्यापुढे टाकलं.

दोन तारखेला वाचून झाल्यावर मी त्याच दाराजवळच्या पानावर बसणार आहे. लोक वाढतील की पुढे निघून जातील, ठाऊक नाही. पुढे गेले तरी मी उठणार नाही. बसून राहीन. तू आलास तर भाताचं पातेलं कुठे असतं ते तुला माहीत आहे.

मला वाढ, दादा. आणि मग शेजारी बस, तुझा तो घास राहिलाय.

तुझी
नीलू